ठकीला बसायला शिकवणारे देवरे सर

देवरे सरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "बाई, दार ढकलताना तुमचा कुठला पाय पुढे असतो?"

मी कॉलेजात इंग्रजीची अधिव्याख्याती म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच सकाळची ही गोष्ट. प्राध्यापक कक्षाचं दार जड होतं आणि त्यावर 'ढकला' असं रंगवलेलं होतं. मी ते ढकलून आत आले, तर समोरच्या खुर्चीतले एक उंच, सावळे गृहस्थ माझ्या पायांकडे बघत होते. कॉन्व्हेंटमध्ये वाढलेल्या मला हे फारच विचित्र वाटलं. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी तो प्रश्न विचारला आणि लगेच उठून उभे राहिले.

"माफ करा. मी देवरे, तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवतो. तुम्ही तो शब्द वाचलात आणि हात दाराला लागायच्या आधीच तुमचा डावा पाय पुढे आला. वाचला डोळ्यांनी, पण समजला पायाला. मला तेवढंच बघायचं होतं."

मागून कोणीतरी म्हणालं, "घाबरू नका मॅडम. आम्हा सगळ्यांचे पाय त्यांनी बघून झालेत."

आज सर साठ वर्षांचे होऊन निवृत्त होत आहेत. या ग्रंथाच्या संपादकांनी मला सरांच्या अध्यापनाविषयी लिहायला सांगितलं होतं. त्याविषयी त्यांचे विद्यार्थी माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला लिहायचं आहे ते सरांच्या एका अपुऱ्या राहिलेल्या कामाविषयी. गौरवग्रंथात अपुऱ्या कामाबद्दल लिहावं का, असा प्रश्न पडला म्हणून मी सरांनाच विचारलं. ते म्हणाले, "लिहा. फक्त मला शहाणा ठरवू नका."

सरांचं म्हणणं साधं होतं, पण त्या काळी ते ऐकून लोक हसत. 'तिनं लिंबू पिळलं' हे वाक्य आपण वाचतो तेव्हा नकळत मूठ आवळली जाते, तोंडाला पाणी सुटतं. सर म्हणत, हाच अर्थ. आपण ते वाक्य मनातल्या मनात करून बघतो, म्हणून ते आपल्याला समजतं. जे करून बघता येत नाही ते नुसतं पाठ होतं. शब्दकोशात एका शब्दाचा अर्थ दुसरा शब्द, त्याचा अर्थ तिसरा. "नुसती घसरगुंडी," सर म्हणत, "खाली पाय टेकायला जमीनच नाही."

आमच्या कॉलेजच्या विज्ञान विभागात एक लहानसा संगणक आला, तेव्हा नाशकात फार थोड्या लोकांनी असं यंत्र डोळ्यांनी पाहिलं होतं. गणिताच्या पगारे सरांना त्याची भाषा येत होती. देवरे सर त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "याला मराठी शिकवायचंय."

पगारे सर निफाडकडचे. त्यांचं बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. ते म्हणाले, "शब्द कोंबू का त्याच्यात? लय मावतील."

"शब्द नकोत. आधी त्याला हात द्या."

तिसरी मी. माझी निवड कशासाठी झाली हे सांगायला हरकत नाही. यंत्रावर मराठी इंग्रजी अक्षरांतच लिहावं लागे आणि कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला उत्तम टायपिंग शिकवलं होतं.

पगारे सरांनी यंत्राच्या आत एक बाई बसवली. ती पडद्यावर दिसत नसे. ती म्हणजे नुसता हिशेब : दोन हात कुठे आहेत, गुडघा उभा आहे की आडवा, समोर काय ठेवलंय, हातातली वस्तू किती भरलेली आहे. आम्ही तिला ठकी म्हणायचो. ठकी जमिनीवर पाटावर बसायची. तिच्यासमोर विळी, तांब्या, वाटी, सूप, परात एवढाच संसार. वाक्य दिलं की ठकी ते आतल्या आत करून बघायची आणि मग आम्ही तिला विचारायचो : काय हललं? काय ओलं झालं? काय उरलं?

पण ठकीला एखादी गोष्ट शिकवायची तर ती आधी आम्हाला करून बघावी लागे. हा सरांचा नियम. त्यातून त्यांनी एकाही क्रियापदाला सूट दिली नाही. कॉलेज सुटलं की प्रयोगशाळेमागच्या खोलीत चटई अंथरली जाई. सरांच्या पत्नी सुमनवहिनी घरून पिशवीत सामान आणून देत. मग आम्ही तिघं प्राध्यापक मांडी घालून बसायचो आणि पाखडायचो, मळायचो, पिळायचो, उपसायचो. सर मध्येच हात धरून थांबवत. "थांबा. आत्ता मनगट वळलं की कोपर? पगारे, मनगट लिहा." एकदा प्राचार्य डोकावले. पगारे सरांच्या हातात सूप, माझ्या साडीवर तांदळाचा कोंडा. प्राचार्य म्हणाले, "देवरे, हे कॉलेज आहे की माजघर?"

"माजघरच, सर," देवरे सर म्हणाले. "भाषा तिथंच शिकली जाते."

माझी मात्र त्या खोलीत पंचाईत व्हायची. वडील देवळालीला छावणीच्या कचेरीत अधिकारी होते. आमच्या बंगल्यात खानसामा होता, टेबल होतं, सुरी होती. 'पाखडणं' हा शब्द मला येत होता, पण सूप हातात धरल्यावर तांदूळ पुढे आणि कोंडा माझ्या अंगावर. पगारे सर म्हणत, "मॅडम आणि ठकी एकाच वर्गात." सर हसत, पण त्या हसण्यात टोचणी नसे. ते म्हणत, "बोरसेबाई आहेत म्हणून आपल्याला कळतंय, ठकीचं कुठं अडणार ते."

एके दिवशी आम्ही यंत्राला वाक्य दिलं : 'आईने ताक ओतले.' कशात ओतलं ते मुद्दामच लिहिलं नव्हतं, आणि ठकीसमोर त्या दिवशी दुसरं भांडंही ठेवलं नव्हतं. मग विचारलं, काय ओलं झालं? यंत्र बराच वेळ गप्प राहिलं आणि मग अक्षरं उमटली : 'जमीन.' पगारे सरांना वाटलं, काहीतरी चुकलं. सर मात्र खुर्चीवरून ताडकन उठले. "अहो, वाक्यात जमीन कुठाय? तिनं भांडं शोधलं, सापडलं नाही, तरी ओतलं! आता ती बघून बोलतेय!" त्यांनी ती बातमी वहिनींना सांगायला त्याच पावली घर गाठलं. वहिनी म्हणाल्या, "एवढं ताक सांडलं आणि तुम्हाला आनंद?"

सरांच्या स्वभावातली एक गोष्ट इथंच सांगते, कारण पुढचं त्यावाचून कळणार नाही. समोरचा चुकला असं म्हणण्याआधी, तो कुठे उभा राहून बोलतोय ते सर बघत. डोंगराळ पेठ भागातून आलेल्या एका विद्यार्थ्यानं उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं, पाऊस खालून वर येतो. कक्षात सगळ्यांनी ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. सर पावसाळ्यात एका रविवारी एस.टी.नं त्याच्या गावाला गेले, कड्यावर उभे राहिले, आणि दरीतून वाऱ्यानं उलटा चढणारा पाऊस तोंडावर घेऊन परत आले. सोमवारी त्यांनी त्या मुलाला गुण दिले आणि आठवडाभर शिंकत राहिले.

याच स्वभावाचं देणं माझ्या घरावरही आहे. माझ्या आईला पक्षाघात झाला आणि तिची वाचा गेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिच्याशी बोलत राहा. मी तिला टेबलाशी खुर्चीत बसवायची आणि चित्रं दाखवून एकेक शब्द म्हणायची. ती माझ्याकडे बघून रडायची. सर भेटायला आले. थोडा वेळ त्यांनी ते सगळं पाहिलं. मग विचारलं, "आईंचं माहेर कुठलं?"

"सटाण्याकडचं. पण त्याला आता किती वर्षं झाली."

दुसऱ्या दिवशी सर सूप आणि मटारच्या शेंगा घेऊन आले. खुर्ची बाजूला सारली, आईला पलंगावर मांडी घालून टेकवून बसवलं आणि सूप तिच्या मांडीवर ठेवलं. स्वतः समोर बसून मुकाट्यानं शेंगा सोलू लागले. आईनं डाव्या हातानं एक शेंग उचलली. ती सोलायला तिला फार वेळ लागला. दाणा तोंडात टाकला आणि म्हणाली, "गोड शे."

आमच्या बंगल्यात अहिराणी कधी कोणी बोललं नव्हतं. मी तिच्या तोंडून ती पहिल्यांदा ऐकत होते. सर स्वतः बागलाणातले, म्हणजे त्याच सटाण्याकडचे. ते तितक्याच सहजपणे म्हणाले, "गोड शे ना, माय?" आणि पुढची शेंग तिच्या हातात दिली. आई गेली त्याआधीच्या त्या हिवाळ्यात सर दर दोन-चार दिवसांनी येत. आई थोडं थोडं बोलली. जे बोलली ते सगळं तिचे हात काहीतरी करत असताना बोलली.

आता त्या दिवसाकडे यायला हवं, ज्याच्याबद्दल लिहायचं मी इतका वेळ टाळते आहे.

काम पुढे जायचं तर मोठं यंत्र हवं होतं, आणि ते द्यायचं की नाही हे ठरवायला बाहेरून एक समिती आली. समितीचे अध्यक्ष परदेशात शिकलेले, अत्यंत सभ्य गृहस्थ होते. ठकीनं त्यांना ताक दाखवलं, पिठाचा गोळा दाखवला. ते खूश होते. मग म्हणाले, "आता मी एक वाक्य देतो." मी टाइप केलं : 'मीनाने सुरीने सफरचंद कापले.' त्यांनी विचारलं, काय हललं?

यंत्रानं उत्तर दिलं : 'सफरचंद हलले. सुरी हलली नाही.'

"सुरी कुठे आहे?"

'पायाखाली.'

खोलीत हशा पिकला. अध्यक्षही हसले. "देवरेसाहेब, तुमची मीना पाय देऊन फळ कापते?"

आम्हा तिघांना काय झालं ते त्याच क्षणी कळलं. कापणं ठकी विळीवर शिकली होती. विळीचं पातं जागचं हलत नाही. पाय तिच्या पाटावर असतो आणि भाजी दोन्ही हातांनी पात्यावर न्यावी लागते. सुरी म्हणजे कापायची वस्तू, एवढंच आम्ही तिला सांगितलं होतं. तेव्हा ठकीनं सुरी पायाखाली धरली आणि सफरचंद तिच्यावर नेलं. सुरवातीला एकदा मी म्हटलं होतं, सर, आमच्याकडे सुरी असायची. ते म्हणाले होते, आधी एक शरीर पक्कं होऊ द्या.

सर शांतपणे म्हणाले, "तिनं सुरी पाहिलेली नाही. स्वतःला जे करता येतं त्यावरून तिनं अर्थ लावला. आपणही तसाच लावतो. ही चूक पाठांतर करणाऱ्याकडून कधीच होणार नाही."

अध्यक्षांना ते पटलं असावं, कारण जाताना त्यांनी दार बंद केलं नाही. ते म्हणाले, "कल्पना चांगली आहे. पण ती सर्वांसाठी हवी. टेबल, खुर्ची, सुरी, असं सगळीकडे चालेल ते करा. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा बघू."

त्या संध्याकाळी मागच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. पगारे सर म्हणाले, "आठवड्यात ठकीला उठवून टेबलापाशी उभी करतो. पण सर, जागा नाय. ठकी बसंल, नायतर मीना उभी राहील. दोघी नाय मावत."

"म्हणजे बसायचं कसं ते ती विसरणार."

"विसरंल. पण मोठं यंत्र आलं की परत शिकवू की!"

"परत कोणी शिकवत नाही, पगारे. एकदा टेबल आलं की टेबलच राहतं."

मी म्हणाले, "सर, मी लहानपणापासून सुरीच पाहिली. मला आजही विळीवर धड काकडी चिरता येत नाही. मग मला मराठी येत नाही का?"

सरांनी समोरचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाले, "तुम्हाला येतं, बाई. तुम्हाला विळी जमत नसेल, पण ती दिसते. ठकीला एकच मिळणार आहे. आणि एकच द्यायचं तर... तुमच्या आईंना मी टेबलाशी बसवलं नव्हतं."

पगारे सर पुटपुटले, "सर, आई माणूस होत्या. हे डबडं हाय."

दिवाळी झाली. समितीनं विचारणा केली, तेव्हा सरांनी कळवलं की दोन्ही शिकवता येतील एवढं यंत्र आधी मिळालं तरच पुढे जाता येईल. समितीला तो नकार वाटला. पुढच्या वर्षी आमच्या यंत्रावर परीक्षेचे निकाल करायचे ठरलं. ज्या तबकडीवर ठकी होती ती पुसून तिच्यावर निकाल भरले गेले. त्या कामावर पगारे सरच होते. त्यांनी ठकी पुसली आणि त्या दिवशी ते डबा न खाता घरी गेले. पुढे ते एकलहऱ्याला वीज केंद्रात नोकरीला लागले. सर पुन्हा तर्कशास्त्र शिकवू लागले, पूर्वीइतकंच मन लावून. त्या खोलीत आता क्रीडा विभागाच्या जाळ्या ठेवलेल्या असतात.

सरांचं वागणं तत्त्वाला धरून होतं, असं या ग्रंथात लिहिणं मला सोपं आहे. पण इतक्या वर्षांच्या स्नेहाचा हक्क म्हणून एवढं लिहिते, की मला त्या कामाची फार हळहळ वाटते. थोडं वाकायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. आणि त्याहून जास्त हळहळ याची वाटते, की एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्या मोठ्या कॉलेजात, दोन्ही मावतील एवढं यंत्र या माणसासाठी कोणाला मागावंसं वाटलं नाही.

हा लेख लिहायच्या आधी मी सरांच्या नव्या घरी गेले. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. मनाशी ठरवून गेले होते की सर आपली बाजू मांडतील आणि मी ती नीट उतरवून घेईन. चहा घेताना सर म्हणाले, "टेबल मान्य करायला हवं होतं, बोरसेबाई. उभी का होईना, ठकी राहिली असती."

मी कप खाली ठेवला. मग मी सांगितलं की कॉलेजात आता मोठी यंत्रं आली आहेत, पडद्यावर देवनागरी दिसते, आणि पगारे सरांचा निरोप आहे की सर म्हणतील त्या रविवारी ते यायला तयार आहेत.

सर हसले. "सगळं पुन्हा करून बघावं लागेल. गुडघे कुठायत? मला आता खाली बसता येत नाही." मग त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. "आणि तिकडे बघा."

सुमनवहिनी ओट्याशी उभ्या होत्या. हातात सुरी होती. त्या कांदा चिरत होत्या.

"वहिनी, तुम्हीसुद्धा?" मी म्हणाले.

"अगं, या फ्लॅटात खाली बसायला जागा आहे का? आणि कंबर कोणाची, तुझ्या सरांची की माझी?" त्यांनी कांदा उलटा करून झरझर चिरला. "आता तर विळीवर बसले तर बोटच कापून घेईन."

सर त्यांच्या मनगटाकडे टक लावून बघत होते. ठकीसाठी आमच्या मनगटांकडे बघायचे, अगदी तसंच. मला वाटलं, आता ते म्हणतील, थांब. पण त्यांनी कप उचलून उरलेला चहा संपवला.

घरी परतताना माझ्या मनात आलं, आपल्या बायका खाली बसून कशा कापायच्या, पाय कुठे असायचा, पातं कसं स्थिर आणि हात कसे चालते, हे एका यंत्रानं एकदा आतून करून बघितलं होतं, आणि ते आम्ही निकालाखाली पुसून टाकलं. शब्द राहतील. शब्दकोशात 'विळी' सापडेल, आणि तिचा अर्थ म्हणून दुसरा एखादा शब्द सापडेल.

सर, उद्या कुठे तरी कोणी तरी यंत्राला मराठी शिकवायला पुन्हा बसेल, याची मला खात्री आहे. त्याचं यंत्र फार मोठं असेल आणि त्यात सगळं मावेल. त्याच्या ठकीला टेबल माहीत असेल, सुरी माहीत असेल, आणि विळीवर चिरण्याच्या एखाद्या जुन्या वाक्यापाशी येऊन ती अडेल. तेव्हा तो माणूस आजूबाजूला विचारत फिरेल, की हे कसं करत होते, कोणी पाहिलंय का? त्या दिवशी त्याला जिना चढून तुमच्याकडे येता यावं. तुमची दृष्टी तेव्हा आजच्यासारखीच तीक्ष्ण असावी, वहिनी तुमच्या शेजारी असाव्यात, आणि गुडघ्यांनी तुम्हाला एकदाच, त्याला दाखवण्यापुरतं, खाली बसू द्यावं. तेवढं आयुष्य आणि तेवढं आरोग्य मी तुमच्यासाठी मनापासून मागते.